एकनाथरावांनी मोडलेलं लग्न

अंबरपेठेतल्या मराठी घरांत लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिका आधी एकनाथरावांकडे जातात. सरकारी गोदामातली कारकुनी संपल्यावर त्यांनी हे काम घेतलं. पत्रिका कॉम्प्युटर जुळवतो, निकाल ते देतात, आणि तो सहसा गोडच असतो. गुण कमी पडले तर पोथीत अपवाद शोधतात, नाही सापडला तर ग्रहांची शांत सुचवतात. त्यांनी लग्न मोडल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

मोडलं ते एकच, आणि तेही घरचं. मुलगी निशिगंधा हिनं ऑफिसातला आदित्य पसंत केला होता. मुलगा पुण्याचा, नोकरीसाठी कुकटपल्लीत राहणारा. एकनाथरावांनी दोघांच्या पत्रिका कॉम्प्युटरात घातल्या आणि एकनाड निघाली. नवराबायकोची नाडी एक असली की जोडीतल्या एकाला आयुष्य कमी, असं जुनी माणसं मानतात. "नक्को," म्हणाले आणि उठले. अपवाद पाहिला नाही, शांतही सुचवली नाही. तेव्हापासून निशिगंधा त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

अशात कॉम्प्युटर रोज बजावू लागला, की या जुन्या सिस्टिमला आता वाली नाही, नवी घ्या. ती चालेल का हे तपासणारा प्रोग्रॅम निशिगंधानंच बसवून दिला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळ्यांपुढं हिरवी खूण आली. सुरक्षेच्या चिपपुढं मात्र लाल फुली. खाली निकाल होता, हा कॉम्प्युटर चालणार नाही. आबिड्सच्या कॉम्प्युटर-दुकानदारानं खुशाल नवा घ्यायला सांगितलं.

"अहो, वय काय त्याचं?" एकनाथराव चिडले. "हे काय जायचं वय आहे?"

आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी निशिगंधा म्हणाली, आदित्यला बोलावते. ते नको म्हणाले नाहीत. अडला हरी, दुसरं काय.

रविवारी आदित्य आला. कॉम्प्युटर बंद करून चालू करताना त्यानं एक कळ दाबून धरली आणि आतल्या सेटिंगमध्ये शिरला.

"काका, चिप आत आहेच. आली तेव्हापासून बंद होती, एवढंच."

ती चालू करून त्यानं पुन्हा तपासलं. सगळं हिरवं.

"मग आधी कायको नाही म्हणत होता बेकार?"

"त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो, काका."

निशिगंधानं चहाचे कप ठेवले. "बाबा, या डब्यासाठी तुम्ही एवढी धडपड केलीत. परक्या पोरींसाठी पोथ्या उलगडता. माझ्यासाठी एक पान उलटलं नाहीत. का?"

एकनाथरावांनी चहाला हात लावला नाही.

"तुझी आई आणि मी एकनाड होतो," ते म्हणाले.

निशिगंधा शाळेत असतानाच तिची आई भामा गेली होती. लग्नाच्या वेळी थोरल्यांनी पत्रिका पाहिल्याच नव्हत्या. पुढं नोकरीत असतानाच एकनाथराव ही विद्या शिकले, तेव्हा त्यांनी पहिली जुळवली ती स्वतःची जोडी. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथं तर पुन्हा दूधच समोर आलं होतं. ते भ्यायले होते, आणि आपण भ्यालो आहोत हे पोरीला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"आईला माहीत होतं?"

"हौ. सांगितलं तर हसली. म्हणाली, मग काय, आता माहेरी धाडता का?"

"आणि लग्नाआधी कळलं असतं तर? केलं नसतं तुम्ही?"

"केलं असतं," एकनाथराव ताडकन म्हणाले.

बोलून गेल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं. निशिगंधाचे डोळे भरले होते. आदित्य कपात बघत बसला.

एकनाथरावांनी आपला कप उचलला आणि आदित्यकडं न बघताच विचारलं, "तुमच्या आईवडलांना अंबरपेठ सापडेल ना?"