अस्वलाच्या पाठीवरची ताई

हा फोटो पाहून आमच्याकडे येणारा प्रत्येकजण हसतो. शिरूरच्या आठवडे बाजारात काढलेला, स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी. फ्रॉक घातलेलं माकड सलाम ठोकतंय, शेजारी अस्वल आणि अस्वलाच्या पाठीवर माझी थोरली बहीण. "अस्वलसुद्धा हसतंय बघा, हीच तेवढी रुसलीय!" म्हणतात. माझं डोकं फिरतं. अहो, दरवेश्यानं नाकातली दोरी वर ओढलीय, म्हणून त्याचं तोंड उघडलंय. आणि ताई रुसलेली नाही, तिला श्वास पुरत नाहीये.

ताईला लहानपणापासून दमा. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. अस्वलाच्या पाठीवर बसवलं की मुलाची धाप जाते, असं तेव्हा गावोगाव मानत. पण आम्ही ख्रिस्ती, त्यातून बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. असलं काही करणं म्हणजे पापच. तरी ताईला बसवलं गेलं, आणि ती बातमी रविवारच्या आत चर्चमध्ये पोचली.

उपासना संपल्यावर पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं. आई उभी राहिली. "म्याच नेलं तिला. मास्तरांना काय बी ठावं न्हाई."

तिला प्रभुभोजनातून बाहेर ठेवलं, सगळ्यांसोबत भाकरी-द्राक्षरस घ्यायला बंदी. बाबा पुढच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. उन्हाळा संपायच्या आत ताई गेली. मंडळीतल्या बायका आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, देवानंच शिक्षा केली. बाबा तेव्हाही गप्प. आईवरच्या रागानं गप्प आहेत, असं मी समजत होते.

बाबा वारले, आम्ही दौंडला राहायला आलो, तेव्हा आईनं हा फोटो पहिल्यांदा माझ्या हातात दिला. एक बाजू कात्रीनं कापलेली. ताई पडू नये म्हणून कुणीतरी तिचा पाय घट्ट धरलाय. त्या माणसाच्या मनगटापाशीच फोटो संपतो. करंगळी वाकडी. त्या हातानं माझ्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती.

मी भडकलेच. "बाबा होते तिथं? आणि चर्चमध्ये तुला एकटीला उभं राहू दिलं?"

"त्यांची नोकरी गेली आसती. तुमी खाल्लं काय आसतं?" आई म्हणाली. "म्हनून तर कात्री लावली. कुनी बघू नये त्यांना."

"मग हात तेवढा कशाला ठेवलास?"

आईनं फोटोतल्या ताईच्या पायावरून बोट फिरवलं.

"हात कापला आसता तर पोरीचा पाय तुटला आसता."