सिनेमातली आत्या

आमच्या आत्याने तरुणपणी एका सिनेमात काम केलं होतं. प्रसंग छोटासाच होता. ती नायकाच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडते आणि निघून जाते. आजोबांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं. आत्या पुढे शाळेत शिवणकाम शिकवू लागली. कुणी विचारलंच तर बाबा म्हणायचे, ''छे, ती दुसरीच कोणीतरी.'' जुनी प्रत इतकी अंधुक होती, की ते खपूनही जायचं.

परवा त्या सिनेमाची डिस्क बाजारात आली, एकेक फ्रेम साफ केलेली. आत्याने ती विकत आणली आणि सगळे जेवायला जमलेले असताना सरळ लावली. तिच्या गालावरचा तीळसुद्धा स्वच्छ दिसत होता.

''आजी, ही तू?'' माझी मुलगी ओरडली.

बाबा रिमोटकडे झेपावले. ''ताई, बंद कर! पोरांसमोर शोभतं का हे?''

''शोभतंय की! तुम्ही मला पुसून टाकलंत. त्या लोकांनी पुसून लख्ख केलं.''

बाबा तणतणत उठून गेले. आत्याने डिस्कचं कव्हर दारातून शिरताच दिसेल असं शोकेसमध्ये उभं केलं. ते हलवायची अजून कुणाची टाप झालेली नाही.