झेंडूची पावडर आणि आईची फणी

मी चौथीत असताना बाईंनी पट्टीच्या टोकानं माझी वेणी उचलून पाहिली आणि घरी पाठवलं. उवा गेल्यावर ये, नाहीतर केस कापून ये. कमरेपर्यंतच्या त्या केसांखेरीज माझ्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. मी रस्ताभर भोकाड पसरलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा इंदिरानगरच्या पलीकडे आमचा झेंडूचा मळा होता. वडिलांना माझं रडणं पाहवेना. ते झेंडूवरच्या किडीसाठी मारायची पावडर घेऊन आले.

"मावा मरतो हिनं, उवा काय चीज हाय! एका दिवसात साफ."

मी लगेच डोकं पुढं केलं. केस वाचत होते ना! तेवढ्यात आईनं त्यांचं मनगट धरलं. एरवी ती त्यांच्यापुढं मान वर करून बोलायची नाही.

"अहो, झाड नाय ते, पोरीचं डोकं हाय. डोळ्यात गेलं म्हंजे? मला पंधरा दिवस द्या. कातर बी नको न् ही पावडर बी नको."

त्याच रात्री तिनं माझी वाकळ वेगळी टाकली. तिला माझी किळस आली असं वाटून मी मुसमुसत झोपले.

फुलं तोडून झाली की ती मला उन्हात बसवायची, केसांना तेल चोपडायची आणि डोक्याचे वाफे पाडायची. एक वाफा संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, पांढऱ्या फडक्यावर पुसायची. "झटकला की पडतो तो कोंडा. चिकटून बसती ती लीख." तिळाहून बारीक लीख ती न बघता, नुसत्या बोटांनी ओळखायची. फुलांच्या चिकानं काळी पडलेली ती बोटं इतकं बारीक कसं वाचतात, याचं मला राहून राहून नवल वाटायचं. आजही वाटतं. लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून दर तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पंधराव्या दिवशी फडकं कोरं निघालं. वडिलांनी ते उजेडात धरून दोनदा पाहिलं. मी अंगणभर नाचले.

आईनं फणी उकळत्या पाण्यातून काढली, माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"आता माझं बघ. पुढच्या काढल्या मी, मागच्या दिसत नायत."

मी तिचा अंबाडा सोडला. मानेवर खाजवून खाजवून जखमा झाल्या होत्या. वाकळ वेगळी का टाकली होती, ते मला तेव्हा कळलं.

"आई, आधी का नाय सांगितलं?"

"तुझी शाळा अडली व्हती. माझं काय अडलं व्हतं?"

मी तिच्या केसांना तेल लावलं आणि कानामागच्या वाफ्यापासून सुरुवात केली.