लोखंडी माया

सन तीसच्या आसपास मी रत्नागिरीच्या एका शाळेत हंगामी मास्तर होतो. लांज्याची एक मुलगी मनात भरली होती, पण तिच्या वडिलांनी बजावलं होतं, नोकरी कायम झाल्याखेरीज आमच्या दारात पाऊल टाकू नका. कायम करणं होतं शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांच्या हातात. हे पेन्शनर गृहस्थ उठताबसता वेदान्त सांगत. वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून तेच लाभले.

विषय होता 'माया: जपानी आरमारातील एक जुनी तोफबोट'. माया हे त्या बोटीचं खरंच नाव, तिथल्या एका डोंगरावरून ठेवलेलं. पण वाचनालयाच्या शिपायाने मोठ्या झोकात 'माया' लिहिलं आणि तेवढ्यातच फळा भरला. परिणामी पुढच्या रांगेत देवळातल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या, हातात वातींचा कापूस. अध्यक्षांनी प्रास्ताविकात माया मिथ्या असल्याचं अर्धा तास पटवून दिलं.

बोटीवरच्या पाठ केलेल्या टिपणाखेरीज मला काही येत नव्हतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. ही माया लोखंडाची होती. कोबे बंदरात बांधलेली, शिडंही होती नि वाफेचं इंजिनही. आधी चीनशी लढली, मग रशियाशी. अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. चीन म्हणजे काम आणि रशिया म्हणजे क्रोध, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

"मग हो मास्तर, पुढें काय झालें तिचें?" एका आजींनी वात वळता वळता विचारलं.

"म्हातारी झाली, आजी. आरमाराने पटावरून नाव काढून टाकलं."

"इतकें करून?"

"इतकं करून."

आजींनी पदर डोळ्यांना लावला. कापूस तसाच मांडीवर राहिला. मला स्वतःची लाज वाटली. त्या बोटीबद्दल मला एवढं कधी वाटलंच नव्हतं.

अध्यक्ष समारोपाला उठले. असा खोल वेदान्त आपण कित्येक वर्षांत ऐकला नाही, म्हणाले. बोटीचं रूपक तर फारच नामी. आणि या जगात काहीच कायम नाही, हे इतक्या तळमळीने सांगणाऱ्या या तरुण मास्तरांना आपण आजपासून कायम करत आहोत.

ते रूपक नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. लांज्याची आठवण झाली, आणि मिटून घेतलं.