थोरल्याची अवघड धून

दगडाच्या कारखान्यात धाकट्याला सगळे ‘मुका’ म्हणत. मुका वगैरे काही नव्हता तो. फरशी घासताना तोंड उघडलं की धूळ आत जाते, म्हणून त्याने बोलणंच सोडून दिलं होतं. शेजारच्या यंत्रावर थोरला भाऊ, आणि त्याची जीभ मात्र दिवसभर टाळ्याला लागत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो खिशातून माऊथऑर्गन काढून एक अवघड धून वाजवायचा. तिच्यात एक चढण होती. तिथे फुंकायचं नाही, श्वास आत ओढत ओढत वर जायचं. ती सुरू झाली की बाकीचे हातातला घास हातातच धरून ऐकत बसायचे.

आता त्याच थोरल्याच्या छातीत धूळ बसली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. एकदा पडल्या पडल्या तो म्हणाला, “मला काही आता वाजवता येत नाही. पण ती धून एकदा कानावर पडायला हवी होती रे.”

झालं. धाकट्याने ते मनावर घेतलं. माऊथऑर्गन घेऊन तो वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला.

“याआधी काय वाजवलंय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“काहीच नाही.”

“मग एखादं लहान मुलांचं गाणं घ्या. हे नंतर बघू.”

“नंतरला तो नसेल.”

म्हाताऱ्याने माऊथऑर्गन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “अवघड वाजवून नवशिका शिकतही असेल. पण चुकाही तितक्याच पक्क्या होतात, सांगून ठेवतो.”

तसंच झालं. चढण आली की धाकट्याचा आवाज बंद. धूळ उडाली की श्वास कोंडायचा, ही कारखान्याची सवय अंगात इतकी मुरली होती की समोर काही अवघड आलं की छाती आपोआप मिटायची. म्हातारा कपाळाला हात लावायचा. वहिनीनेही सांगून पाहिलं, “भाऊजी, काहीतरी सोपं वाजवा की. तुम्ही वाजवलंत, हेच त्यांना पुष्कळ.” पण हट्टी माणूस. सोप्यावर भावाची बोळवण करायची त्याला लाज वाटत होती.

थोरल्याचं खाणं सुटलं, तेव्हा धाकटा उशाशी बसला आणि वाजवू लागला. सुरुवात बरी झाली. थोरल्याने डोळे मिटले. चढणीपाशी व्हायचं तेच झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

थोरल्याने डोळे उघडले. “कोंडू नकोस. ओढ.”

“जमत नाही, दादा.”

“इकडे आण.”

वहिनी नको नको म्हणत असताना त्याने माऊथऑर्गन ओठांना लावला आणि श्वास ओढला. सूर बारीक निघाला, पण चढणीच्या टोकापर्यंत गेला. मग खोकला सुटला, तो थांबेचना. वहिनीने ऑक्सिजनची नळी लावली. त्यानंतर थोरला बोलला नाही, आणि पहाटे गेला.

“सोपं वाजवलं असतं तर ऐकता ऐकता झोपले असते,” वहिनी एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच धाकट्याला जास्त लागलं.

धाकट्याला आता चढण येते, अगदी थोरल्यासारखी. दुसरं काहीच येत नाही. त्याने माऊथऑर्गन तोंडाला लावला की वहिनी हातातलं काम टाकते आणि घराबाहेर जाऊन उभी राहते.