पालथे ठेवलेले फोन

मानसशास्त्र विभागाच्या ताईंनी आमचे फोन टेबलावर पालथे ठेवायला लावले आणि प्रश्नावली वाटली. आपल्यावाचून काहीतरी घडून जाईल, ही भीती विद्यार्थ्यांत किती असते ते त्यांना मोजायचं होतं. ‘मित्र माझ्याशिवाय मजा करत असले की मला अस्वस्थ वाटतं.’ पुढे एक ते पाचमधला आकडा लिहायचा; एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फारच.

तेवढ्यात एक फोन थरथरला आणि थांबला. सगळ्यांचेच हात पुढे गेले.

“हात नाही लावायचा हं,” ताई हसल्या.

“तुझाच रे. घरचा रोजचा मिस्ड कॉल,” शेजारचा ओंकार कुजबुजला.

माझाच होता. गावी वडील अंथरुणावर आहेत. आई दुपारी एक रिंग देऊन फोन कापते, म्हणजे सगळं ठीक. लगेच दुसरी आली तर मी फोन करायचा. घरातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. माझ्यामागे तिथे काय घडतंय, ते बहुधा या रिंगवरूनच कळतं.

पेन धरून मी नुसता ऐकत बसलो. दुसरी रिंग आली नाही.

मग मी ‘एक’ लिहिला. मित्रांच्या मजेचं मला खरंच काही वाटत नाही. ताईंच्या मोजणीत मी निर्धास्त मुलगा ठरेन. कागद देताना पाहिलं, तर त्या आकड्यावर माझा घामेजलेला अंगठा उमटला होता.