चार पोरांच्या बदल्यात आलेले नांदेडकर

आमच्या मागच्या खोलीत राहून गेलेल्या नांदेडकरांइतका उंच माणूस लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नाही, आणि आता व्हायचाही नाही. हे मी उगीच कौतुकानं म्हणत नाही. चौकटींनी त्यांना जन्मभर इतकं मारलं होतं, की उघड्या मैदानात चालतानासुद्धा ते मधेच मान खाली घालायचे. “अहो, इथं कुठं दार आहे?” असं विचारलं तर म्हणायचे, “दार न्हाई वहिनी, ठाऊक हाय मला. पण इथं सवय मोडली तर उद्या तुमच्या घरात कपाळ फुटंल ना!” अंगणात कपडे वाळत घालायची दोरी एकदा त्यांनी मोठ्या उत्साहानं बांधून दिली. घट्ट बांधली, सरळ बांधली, फक्त स्वतःच्या हाताला येईल अशी बांधली. त्यानंतर आमच्या घरात धुणं वाळत घालायचं काम त्यांचं झालं, कारण दुसऱ्या कुणाचा हातच पोचत नव्हता. पाऊस आला की ते कचेरीत, मी अंगणात, आणि माझी लुगडी आभाळात! मिठाची बरणीही असंच मदत करायची म्हणून वरच्या फळीवर ठेवून कामावर गेले होते. त्या दिवशी सगळ्यांनी अळणी वरण खाल्लं, आणि संध्याकाळी तेच मला विचारतात, “वहिनी, आज मीठ इसरलात काय?”

आता हा माणूस आमच्याकडं आला कसा, ते सांगते. आमचे हे जिल्हा परिषदेत कारकून, पण खरी नोकरी त्यांची बास्केटबॉलची. घरामागच्या मैदानावर दोन खांब रोवून त्यांनी गल्लीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांचा संघ उभा केला होता. दहा पोरं. पाच खेळायची, पाच बाजूला बसायची, आणि बसणाऱ्यांनाही हे खेळणाऱ्यांइतकंच ओरडायचे. पण दरसाल नांदेडच्या संघाकडून हरायचे, आणि हरवायचा तो एकच माणूस, हे नांदेडकर. पाटबंधारे खात्यात कामाला होते. तरुणपणी राज्याकडून खेळलेले. गावात त्यांचं नाव निघालं की लोक हात वर करून उंची दाखवायचे.

तर त्या वर्षी नांदेडच्या संघाचे गृहस्थ आमच्याकडं चहाला आले. त्यांच्याकडं पोरं कमी पडून राहिली होती. जो तो उठून शिकायला लातूरला निघालेला, कारण आमच्या लातूरच्या शिकवण्यांचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, “तुमच्या बसणाऱ्यांतली चार पोरं आम्हाला द्या. कॉलेजात दाखला, वसतिगृहात जागा, सगळं आमच्याकडं लागलं. आणि आमचा उंच माणूस तुम्ही घ्या.” आमच्या यांनी लगेच त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, “अहो, चार पोरं म्हणजे चार पोरं असतात.” पण पुरुषाच्या मनात एकदा कप भरला की, तो कप चहाचा असो का चांदीचा, बाईचं कोण ऐकतो?

नांदेडकर का आले, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. चाळिशी उलटलेली. नांदेडला त्यांना आता खेळवत नव्हते. प्रत्येक सामन्याला शाल द्यायचे, नारळ द्यायचे आणि पहिल्या रांगेत खुर्ची द्यायचे. “वहिनी,” ते एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, “खुर्ची मिळाली की माणूस संपला समजा. मला खेळायचं होतं. कुठं का असंना.” त्यासाठी मास्तरीण बायको नांदेडला ठेवून त्यांनी बदली मागून घेतली, आणि दर शनिवारी गुडघे पोटाशी घेऊन एस.टी.तून घरी जायला लागले. गुडघ्याचं मात्र विचारायची सोय नव्हती. रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून मागायचे. “गुडघ्याला का?” म्हटलं की म्हणायचे, “छे, केसाला!” डोक्यावर केस कुठं होते? पण आपण बोलायचं नाही.

पळायचे ते नाहीतच. रिंगीपासून थोड्या अंतरावर एक जागा धरायची, तिथं उभं राहायचं आणि चेंडू आपल्याकडं आला की बघायचंसुद्धा नाही, नुसता सोडायचा. तो जायचाच. पानपट्टीवरची टवाळ मंडळी म्हणायची, “लातूरवाल्यांनी चार खोंडं देऊन एक म्हातारा बैल आणला!” नांदेडकरांनी ते ऐकलं. रागावतील असं मला वाटलं, तर ते सरळ पानपट्टीवर जाऊन म्हणाले, “बैल तर बैल. पोळ्याला शिंगं रंगवायला यायचं बरं का!” मंडळी हसली, तेही हसले. घरी आल्यावर मात्र त्या दिवशी धुणं काढायचं विसरले.

उन्हाळ्यात शेवटचा सामना नांदेडशीच पडला, आमच्याच मैदानावर. पहिल्या अर्ध्यात नांदेडकरांनी असा खेळ केला, की आमची नव्वदीची शेजारीण, जिला चेंडूसुद्धा नीट दिसत नव्हता, तीही टाळ्या वाजवत होती. मग गुडघा धरला. पाय उचलेना. आमच्या बाजूला बसायला आता होतं कोण? एक पोरगं पाच फाऊल होऊन बाहेर गेलं, एकाचा पाय मुरगळला, बदली खेळाडू म्हणून बाकावर फक्त पाण्याची घागर उरली. आणि समोरून आमचीच चार पोरं ताजीतवानी, आलटून पालटून येत होती. त्यातला बालाजी, औशाकडच्या खेड्यातला, नांदेडकरांच्या अंगावरून धावत जाताना दरवेळी म्हणायचा, “काका, बाजूला व्हा, लागंल!” नांदेडकर हलले नाहीत. शिट्टी वाजेपर्यंत तिथंच उभे राहिले. आम्ही हरलो. घरी येऊन हे दोघं ओसरीवर बसले आणि एकमेकांकडं न बघता जेवले.

हरण्याचं काय एवढं, पुढच्या साली बघू, असं मी तेव्हा म्हटलं. पुढचं साल यायच्या आधीच भूकंप झाला.

गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, पहाटे जमीन हलली. आमच्या घराच्या भिंतीला फट पडली, त्यावरच निभावलं. उजाडल्यावर औशाकडच्या गावांची खबर आली, तसं आमचे हे, नांदेडकर आणि राहिलेली पाच-सहा पोरं फावडी-टिकाव घेऊन मिळेल त्या ट्रकनं निघाली. मी गेले नव्हते. त्यांनी सांगितलं तेच सांगते. बालाजीच्या गावी ते गेले, कारण बालाजीची आई तिथं एकटी असायची. आदल्या हिवाळ्यात तिनं सगळ्या संघाला हुरड्याला बोलावलं होतं. नांदेडकरांना बघून हसून हसून म्हणाली होती, “ह्यास्नी ज्वारीत हुबं करा गं, पाखरू फिरकायचं न्हाई!” जाताना त्यांच्या पिशवीत त्यांच्यापुरती वेगळी कणसं घातली होती.

घर दगडमातीचं, वर मातीचं जाड माळवद. सगळं खाली बसलेलं. पोरांनी ओळ धरली, दगड हातातून हातात द्यायला सुरुवात केली. नांदेडकरांना वाकता येत नव्हतं. ते ओळीच्या मधोमध उभे राहिले. माणसं कमी, ओळ तुटायची, म्हणून दोघांमधलं अंतर ते एकटे आपल्या लांब हातांनी भरून काढत होते. दिवसभर कमरेतून वळायचं, दगड घ्यायचा, द्यायचा. वर पाऊस. बालाजीची आई हाती लागली तेव्हा दिवस मावळायला आला होता. पहिल्या धक्क्यातच गेली असणार, असं सगळे म्हणाले. पण तिला उचलून घेतलं ते नांदेडकरांनी, आणि अंग कोमट लागलं असं ते म्हणाले. थोड्या वेळानं ती चार पोरं नांदेडहून पोचली. लोह्याच्या फाट्यावर ट्रक मिळायलाच त्यांची दुपार गेली होती. बालाजी आला, आणि नांदेडकर त्याच्या पुढ्यात उभे. नांदेडकरांनी मान खाली घातली. तिथं चौकट नव्हती, की भिंतही उरली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांचं एकच वाक्य झालं. जेवताना, दोरीवरचे कपडे काढताना, एकदम म्हणायचे, “ती चार पोरं लातूरला असती, तर बालाजीची माय दुपारीच बाहेर निघाली असती.” बालाजी त्यांना कधी एक शब्द बोलला नाही. नांदेडला नोकरीला लागला, दिवाळीला येऊन पाया पडून जायचा. पण तो गेला की नांदेडकरांचं वाक्य हटकून निघायचं. आणि ते निघालं की आमचे हे ताटावरून उठायचे, अर्धी भाकरी तशीच टाकून, हात धुवायला जायचे ते बाहेरच जायचे. मी कुणाकडं बघू? एक बोलायचं थांबत नव्हता, आणि दुसरा बोलत नव्हता.

पुढं लातूर बदललं. गल्लीगल्लीत शिकवण्यांच्या पाट्या लागल्या. धर्माबाद, देगलूर, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन उतरायला लागली. आमच्या संघातली उरलीसुरली पोरंही एकेक करून शिकवणीत गेली. नांदेडकर घरोघरी जाऊन म्हणायचे, “एक तास द्या हो पोराला.” एक आई म्हणाली, “काका, त्या एका तासात पाच गणितं होतात.” ते बिचारे म्हणाले, “हाव, तेबी खरं हाय,” आणि वर त्याच पोराला पेढे देऊन आले. बस स्टँडवर एखादं उंच पोरगं दिसलं की नांदेडकर त्याच्या मागं. “खेळतो का रे?” “न्हाई काका, मेडिकलला जायचंय.” शेवटी मैदानावर शिकवणीच्या पोरांच्या सायकली लागल्या, खांबाला पाटी टांगली गेली. नांदेडकर निवृत्त होऊन घरी गेले. त्यांच्या खोलीत आम्हीही तीन खाटा टाकून तीन पोरं ठेवली. मी लोकांना नावं कशाला ठेवू?

आता दोघंही नाहीत. पण यांना अर्धांगवायू झाला, तेव्हाची एक संध्याकाळ सांगते आणि थांबते. नांदेडकर सकाळच्या गाडीनं भेटायला आले होते. दोघं नंतर बांधलेल्या वरच्या मजल्याच्या गॅलरीत बसलेले, खाली शिकवण्यांची गल्ली. यांचं बोलणं तेव्हा फार जड झालेलं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. इकडचं तिकडचं झालं, आणि नांदेडकरांच्या तोंडून नेहमीचं सुटलंच. “भाऊ, ती चार पोरं असती ना, तर...”

यांना आता उठून जाता येत नव्हतं. मी चहा घेऊन दारात होते, तिथंच थांबले. यांनी चांगला हात उचलला, नांदेडकरांच्या मांडीवर ठेवला. तोंड वाकडं होत होतं, तरी एकेक शब्द नीट लावला. “पोरं... मी दिली. तुम्ही नाही. मी.”

एवढा मोठा माणूस, पण खुर्चीत मला लहान दिसला. नांदेडकरांनी यांच्या हातावर हात ठेवला, आणि दोघं खाली गल्लीकडं बघत बसले.

तेवढ्यात शिकवणी सुटली. पाठीला दप्तरं लावलेली पोरं लोंढ्यानं बाहेर पडली. नांदेडकर पुढं वाकून म्हणाले, “भाऊ, तो बघा, निळ्या शर्टातला. हात बघा केवढे लांब.”

“घ्या,” हे म्हणाले.

“आन् तो सायकलवाला?”

“घ्या.”

असे पाच झाले. नांदेडकर म्हणाले, “झाला संघ.” यांनी मान हलवली. “राखीव?”

“हाव की. राखीव राहिलेच.” मग ते पुन्हा वाकून बघायला लागले. एक बुटका, जाड चष्म्याचा पोरगा चालला होता. नांदेडकर म्हणाले, “हा काय कामाचा?”

“घ्या,” हे म्हणाले. “आणखी.”

दिसेल ते पोरगं घेत गेले. सायकलची साखळी पडली म्हणून रडकुंडीला आलेल्या एका पोरीलाही घेतलं. हळूहळू गल्ली मोकळी झाली, दिवे लागले. माझ्या हातातला चहा कधीच निवला होता.

“आता कुणी न्हाई, भाऊ,” नांदेडकर म्हणाले. “रस्ता रिकामा झाला.”

यांनी त्यांचा हात सोडला नाही. “बसा,” म्हणाले. “दुसरी बॅच... सुटेल.”